वरीलप्रमाणे

“आधी दोरी बांध, पोरी, मग धुणं वाळत घाल.” वडिलांचा हा आवाज तिच्या कानात पन्नास वर्षं तरी राहत होता, टर्पेंटाइनच्या वासासकट. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. खडूत माखलेला दोरा पाटीवर आडवा ताणायचा, एक टोक त्यांच्या बोटात, दुसरं तिच्या. मधोमध चिमटीत उचलून सोडला की पांढरी रेघ उमटायची, आणि त्या रेघेला मग एकेक अक्षर लटकत जायचं, ओलं, निथळतं. तिला तेव्हा खरंच वाटायचं की अक्षरं वाळत घातलेली असतात आणि दुकान बंद झालं की कोणीतरी ती घड्या घालून आत नेतं. रेघ सरळ आली तर वडील काही बोलायचे नाहीत, वाकडी आली तरी बोलायचे नाहीत, नुसती ओल्या फडक्याने पुसायचे. तोच आवाज आज, रविवारी सकाळी सव्वाअकराला, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, पडदे ओढून काळोख केलेल्या दालनात तिच्या मानेपाशी इतका जवळून आला की तिने वळून बघितलं. मागे दातांचे डॉक्टर खडीसाखर चघळत बसले होते. त्यांनी भुवया उंचावल्या, तशी ती पुन्हा समोर वळली. समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावर तिचं अक्षर होतं.

एका नोंदवहीचं पान होतं ते, जवळून घेतलेलं, कागदाचे तंतू दिसतील इतकं जवळून. डावीकडे तारीख, मग लॉटचा क्रमांक, आणि उजवीकडे एकाखाली एक, एकाखाली एक, तोच शब्द. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. सहा अक्षरांवर ओढलेली एकच रेघ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता. कॅमेरा त्या शब्दांवरून जिना उतरल्यासारखा खाली येत होता. “हे अक्षर पाहा,” माहितीपटाचा निवेदक सांगत होता, अगदी हळू, आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसं. “तपासनिसाचं अक्षर. किती सुबक, किती शांत. पाच घरांतली माणसं ज्या शब्दामुळे गेली, तो शब्द लिहिताना हा हात जरासुद्धा थरथरलेला नाही.” तिला पहिल्यांदा भीती वाटायला हवी होती. पण पहिल्यांदा तिला वाटलं ते हे, की ‘णे’ची मात्रा फार छान आली आहे. मग या वाटण्याचीच तिला इतकी शरम वाटली की तिने मांडीवरची पिशवी उगाच उघडली, आत हात घातला, आणि चष्म्याचं घर घट्ट धरून बसली. “मेल्याचं अक्षर बघा हो ताई,” शेजारची शिवणवाली तिच्या कानाशी लागली. शिवणवाली तिच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायची, कपडे शिवायची, आणि एकटीने जायला नको म्हणून दर रविवारी हिला या चित्रपटांना ओढून आणायची. “आमच्या पोराचं असं असतं तर मी फ्रेम करून लावलं असतं. आणि या मेल्याने काय केलं!”

गेली एकोणीस वर्षं ती वाईट अक्षरात लिहीत होती. सोपं नसतं ते. बसलेला हात मोडायला महिने लागतात; सुरुवातीला तिने डाव्या हाताने लिहून पाहिलं, मग रेघ द्यायचीच सोडून दिली, वेलांट्या अर्धवट टाकायला लागली, आणि हळूहळू तिच्या वाण्याच्या यादीवर, दूधवाल्याच्या चिठ्ठीवर, बँकेच्या फॉर्मवर बोडकी, खुरडत चालणारी अक्षरं येऊ लागली. इमारतीत सगळ्यांचा समज होता की ताईंचं शिक्षण बेताचंच असणार. शिवणवाली तर फॉर्म दिसला की हिसकावूनच घ्यायची. “द्या इकडे. तुमचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात.” ती देऊन टाकायची. आपल्याबद्दल लोकांना कमी वाटतं यात एक ऊब असते, पांघरुणासारखी, आणि त्या पांघरुणाखाली तिने एकोणीस हिवाळे काढले होते. आज कोणीतरी ते पांघरूण भर दिवसा ओढून भिंतीवर टांगलं होतं, आणि बघणाऱ्या पन्नाससाठ माणसांना वाटत होतं की ते दुसऱ्याचं आहे.

कंपनी गॅसचे गीझर बनवायची. गीझरच्या पोटात पितळेचा एक व्हॉल्व्ह असतो, अंगठ्याएवढा. ज्योत विझली की त्याने गॅस धरून ठेवायचा, सोडायचा नाही, एवढंच त्याचं जन्माचं काम. प्रत्येक लॉटमधले वीस व्हॉल्व्ह तपासणीच्या खोलीत यायचे. तपासनीस ते एकेक करून टेबलावरच्या नळीला बसवायचा, मागून हवा सोडायचा, पुढच्या तोंडाला साबणाचं पाणी लावायचा आणि वाकून कान लावायचा. व्हॉल्व्ह गळका असेल तर बुडबुडा येतो. पण बुडबुडा दिसायच्या आधी याला तो ऐकू यायचा. म्हणून अख्खी कंपनी त्याला कान म्हणायची. ‘कान आला का?’ ‘कान चहाला गेलाय.’ कोणी नवीन माणूस त्याला आडनावाने विचारायला आला तर लोक गोंधळून बघायचे. त्याचे हात दिवसभर साबणाने ओले, म्हणून लिहायला ती. तो मोठ्याने सांगायचा, ती लिहायची. “चौदा, धरलं.” “पंधरा, धरलं.” क्वचित कधीतरी, “सोळा, सुटलं,” आणि सोळा नंबर खण्णदिशी लाल पेटीत. आठवड्याच्या शेवटी तो हात कोरडे करायचा, आणि पानाच्या तळाशी सही करायचा. अक्षर तिचं, सही त्याची. तिला कंपनीत छापखाना म्हणायचे. साहेब लोकसुद्धा म्हणायचे, “अहो छापखाना, जरा इकडे या.” तिला ते आवडायचं. नाव ठेवलं जाणं म्हणजे जागा मिळणं, असं तिला तेव्हा वाटायचं.

आठ वर्षं ते दोघं एकमेकांशी आकड्यांत बोलले. दुसरं बोलणं फारसं झालंच नाही. खोलीत हवेचा पंप चालू असायचा, त्यात गप्पा कोण मारणार. आणि तो ऐकायचं काम करणारा माणूस, त्याच्या कामात शब्द टाकणं म्हणजे त्याच्या ताटात खडा टाकण्यासारखं. पण ‘एक’ कसा म्हणाला यावरून तिला कळायचं त्याची झोप झाली की नाही. ‘सात’ घशात अडकला तर सर्दी. कधी कधी ‘अकरा’ म्हणताना तो नकळत सूर लावायचा, अ-क-रा, तिन्ही अक्षरं वेगवेगळ्या पायऱ्यांवर ठेवायचा, आणि त्या दिवशी त्याच्या मुलीचं काहीतरी चांगलं झालेलं असायचं. त्याची बायको मुलगी लहान असतानाच गेली होती, हे तिला दुसऱ्या कोणीतरी सांगितलं. ती स्वतः घरी जायची, कुलूप उघडायची, आणि कुलूप उघडण्याच्या आवाजापासून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या ‘एक, धरलं’पर्यंत तिच्याशी कोणी बोलायचं नाही. बहीण दूर, सासरी. सलग सुट्ट्या आल्या की ही आपल्या घरचा जिना चढताना पायऱ्या मोजायची, ओठ न हलवता, त्याच्या आवाजात. अजूनही मोजते. एकवीस पायऱ्या. एकवीस, धरलं.

पडद्यावर आता मोठे साहेब दिसत होते. हिरवळीवर दोन पांढरी कुत्री, मागे समुद्रासारखं पसरलेलं काचेचं घर. मोठे साहेब कंपनीच्या समारंभात म्हणायचे, आपण सगळे एक कुटुंब आहोत, आणि त्यानंतर दर वर्षी कुटुंबाने गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट गीझर काढावेत असं ठरायचं. मग एक बाई आली, पांढऱ्या केसांची, न्हाणीघराच्या दाराला हात लावून उभी. “मी बाहेरून हाक मारत होते,” ती म्हणाली. “आत पाणी चालू होतं. मला वाटलं, पाणी चालू आहे म्हणजे आहे ती.” दालनात कोणीतरी नाक ओढलं. छापखान्याने डोळे मिटून घेतले; पण मिटल्या डोळ्यांआड ते पाणी वाहतच राहिलं, आणि तिला वाटलं, हे ती बाई आपल्याला सांगते आहे, नेमकं आपल्याला, आणि आपण अंधारात पिशवीत हात घालून बसलो आहोत. डोळे उघडले तर पडद्यावर एक दार होतं. दार उघडलं. कान म्हातारा झाला होता. स्वेटरचं एक बटण नव्हतं, त्या जागी धागा लोंबत होता. चार वर्षं तुरुंगात काढून आलेला माणूस कॅमेऱ्याकडे बघतो तसा तो बघत होता, म्हणजे कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला. “तुम्ही या नोंदी का केल्यात?” बाहेरून कोणीतरी विचारलं. “सही माझी आहे,” तो म्हणाला, आणि दार लावून घेतलं. “बघा, बघा कसा तोंड लपवतोय,” मागून डॉक्टर म्हणाले. तिने मात्र फक्त आवाज ऐकला. घसा बसला होता. खूप दिवस कोणाशी बोललेला नसावा.

दिवे लागले. पडदे सरकवले तसं ऊन आत आलं, आणि सगळी माणसं एकदम जरा जास्तच खरी दिसायला लागली, कुणाच्या सदऱ्याला बटाट्याचा डाग, कुणाचे डोळे ओले. ग्रंथपालबाई माईक घेऊन पुढे आल्या. “आता नेहमीप्रमाणे मतं. दोन-दोन मिनिटं हं, मास्तर, दोनच.” लोक हसले. निवृत्त गणितमास्तर पहिल्या रांगेत बसायचे आणि माईक कायम त्यांच्यापासून सुरू व्हायचा. ते उठले. “मित्रहो, या माहितीपटाचं सार एका शब्दात आहे. वरीलप्रमाणे! वरील म्हणजे कोण? वरिष्ठ! वरिष्ठांप्रमाणे!” दालनात हशा पिकला, टाळ्या पडल्या. “लोभी तर मालक आहेच. पण मी म्हणतो, मालक लोभीच असतो, त्यात बातमी काय? तपासनिसाचं काय? त्याला डोळे होते, कान होते. त्याने नाही म्हणायला हवं होतं. मला विचाराल तर मालकापेक्षा तो तपासनीस मोठा गुन्हेगार.” “बरोबर!” कोणीतरी म्हणालं. मग माईक एका तरुणाकडे गेला. त्याला वरून घेतलेली दृश्यं भारी वाटली पण संगीत जरा अति झालं. एका परिचारिकेला वाटलं की गेलेल्यांच्या घरच्यांना आणखी वेळ द्यायला हवा होता. “त्या आईचं वाक्य मी घरी नेणार आहे,” ती म्हणाली, आणि खाली बसली. दातांचे डॉक्टर म्हणाले, अक्षर आणि चारित्र्य यांचा संबंध असतो असं आपण मानतो, पण आज तो समज गळून पडला. “डॉक्टरांनी अक्षरावर बोलू नये!” मास्तर ओरडले. पुन्हा हशा.

माणसं वाईट नव्हती, हेच तर तिला सहन होत नव्हतं. सगळी हळहळत होती, चिडत होती, आपापल्या घरातल्या गीझरची आठवण काढत होती. पण मोठ्या साहेबांचा लोभ इतका अवाढव्य होता की तो कोणाच्या हातात मावत नव्हता. दोन वाक्यांत तो निसटून जायचा आणि मतं पुन्हा त्या बटण तुटलेल्या स्वेटरापाशी येऊन थांबायची. त्याचा गुन्हा हाताच्या मापाचा होता. उचलून फेकता येण्यासारखा. “त्याची ती तऱ्हा बघितलीत? म्हणे सही माझी आहे! पश्चात्तापाचा लवलेश नाही.” “असल्यांना चार वर्षं म्हणजे काहीच नाही.” माईक रांगेरांगेने जवळ येत होता. काय म्हणायचं ते तिच्या मनात तयार होतं. एकोणीस वर्षं तयार होतं, अगदी इस्त्री करून ठेवल्यासारखं. आणि माईक हातात आला तेव्हा तो गरम होता, आधीच्या सगळ्या हातांनी तापलेला, आणि तिने तो तोंडाशी धरला, आणि दालनातल्या चारी भोंग्यांतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला: “छान होतं.” शिवणवालीने माईक घेतला. “मला पण छानच वाटलं. म्हणजे वाईट वाटलं, पण छान.”

छान होतं. तिने मनातल्या मनात ते शब्द परत उचलून बघितले. इतक्या वर्षांनी तोंड उघडलं, आणि हे.

कानाच्या कानात पू झाला होता. हसायला येईल असं ते होतं आणि कंपनीत लोक हसलेही. नऊ दिवस तो आला नाही. पहिल्या दिवशी वीस व्हॉल्व्हचा पहिला लॉट टेबलावर आला, दुपारी दुसरा आला, आणि ती पेन उघडून बसून राहिली, कारण सांगणारं कोणी नव्हतं. पंप बंद होता. खोली इतकी शांत होती की तिला स्वतःच्या बांगड्यांचा आवाज परका वाटला. संध्याकाळी पाळीचे साहेब आले. त्यांना सगळे घाईसाहेब म्हणायचे. “अहो छापखाना, माल अडवून काय बसलात? बाहेर गाड्या उभ्या आहेत.” “साहेब, तपासायला कोणी नाही.” “अहो, मागच्या लॉटचंच पितळ, तेच साचे, तीच माणसं. वेगळं काय निघणार आहे? वरीलप्रमाणे लिहा आणि सोडा.” “पण दुसऱ्या पाळीतल्या कोणाला तरी—” “बघतो ना मी. तुम्ही लिहा.” ती लिहायला बसली. पहिला शब्द लिहिताना तिला काहीच वाटलं नाही, हे तिने पुढे कितीदा तरी आठवून पाहिलं. कुठे खटकल्यासारखं, कुठे टोचल्यासारखं. काही नाही. उलट शब्द देखणा होता. आकडे लिहून लिहून तिचा हात कंटाळलेला असायचा; इथे सहा अक्षरं होती, एक रेफ नाही पण एक जोडाक्षर, दोन मात्रा-वेलांट्या, आणि वर लांबलचक रेघ. चौथ्या दिवशी साहेब आलेच नाहीत. तिला कळलं होतं काय लिहायचं. दुसऱ्या पाळीतून कोणी कधी आलं नाही. नऊ दिवस. अठरा लॉट. त्यांतल्या कुठल्यातरी पेट्यांमधले पाच व्हॉल्व्ह पाच घरांत गेले आणि एका हिवाळ्यात सुटले.

चौकशी झाली ती कंपनीच्याच मोठ्या खोलीत. तीन अधिकारी, एक पाण्याचा जग, आणि समोर कान. नोंदवह्या घेऊन आत कोण गेलं, तर ती. दोन्ही हातांवर सात नोंदवह्या, हनुवटीखाली दाबून धरलेल्या. “ठेवा तिथे,” एक अधिकारी तिच्याकडे न बघता म्हणाला, “आणि तेवढी खिडकी उघडा.” ती खिडकीपाशी गेली. खिटी अडकली होती. ती खिटीशी झटापट करत असताना पाठीमागे पान उलटल्याचा आवाज आला आणि मग प्रश्न: “या नोंदी कोण करायचं?” तिचा हात खिटीवर थांबला. तेवढ्यात कान म्हणाला, “सही माझी आहे.” “आम्ही नोंदी कोणी केल्या ते विचारतोय.” “साहेब, सही माझी आहे,” तो पुन्हा म्हणाला, एखादा आकडा दुसऱ्यांदा सांगावा तसा, स्पष्ट, लिहून घेणाऱ्यासाठी. खिडकी उघडली. बाहेरचा वारा आत आला, कागद फडफडले, कोणीतरी त्यांच्यावर हात ठेवला. ती बाहेर गेली. त्याने वळून बघितलं नाही. का वाचवलं त्याने तिला? हा प्रश्न तिने रोज रात्री उशाला घेतला आणि रोज सकाळी घडी घालून ठेवला. त्याला सगळं कळलं होतं म्हणून? की त्याला वाटलं होतं, ही बिचारी, जे कोणी सांगितलं ते लिहिणारी, हिलाही कोणीतरी फसवलंच असणार? पहिलं खरं असतं तर तिला ते पेललं असतं. तिला झोप लागू द्यायचं नाही ते दुसरं. कारण त्या दोघांमध्ये एक वाक्य झालेलं होतं, आकड्यांपलीकडचं जवळपास एकमेव, आणि ते तिने बहिणीलाही सांगितलं नव्हतं, वडिलांच्या मरणाच्या वेळी त्यांच्याही कानात नाही.

“ताई, झोपलात की काय?” शिवणवालीने कोपर लावलं. माईक रांगा संपवून परत गेला होता, ग्रंथपालबाई त्याची वायर कोपर-तळव्याभोवती गुंडाळत होत्या, आणि आता अभिप्रायाची वही फिरत होती. हा इथला रिवाज: बोलून झालं की प्रत्येकाने वहीत दोन ओळी लिहायच्या, खाली सही करायची, महिनाअखेरीला त्या वाचनालयाच्या फलकावर लावतात. या खेपेला वेगळं होतं. “आज जरा नीट लिहा बरं का,” ग्रंथपालबाई ओरडून सांगत होत्या, “हे पान माहितीपटवाल्यांना जाणार आहे. प्रेक्षकांची मतं ते छापणार आहेत.” वही शिवणवालीच्या मांडीवर आली. तिने वरून खाली नजर टाकली, पेन चाटल्यासारखं ओठाला लावलं, पटकन काहीतरी लिहिलं, सही ठोकली. “मास्तरांनी सगळं छान मांडलंय. मी कशाला हात दुखवू?” मग तिने पुढच्या ओळीवरही काहीतरी लिहिलं आणि वही हिच्या मांडीवर सरकवली. “तुमचंही लिहून टाकलं बघा मी. तुमची ती मुंग्यांची वरात छापायला गेली तर वाचनालयाची अब्रू जाईल! इथे खाली नुसती सही करा.”

तिने चष्मा लावला. पानाच्या वरच्या बाजूला गणितमास्तरांचं ठाशीव अक्षर होतं, सात ओळी: तपासनिसासारखी माणसं समाजाला लागलेली कीड होत, त्याला झालेली शिक्षा अत्यंत अपुरी असून त्याला पुन्हा न्यायालयासमोर उभं करावं, अशी आम्हां प्रेक्षकांची एकमुखी मागणी आहे. त्याखाली, वरीलप्रमाणे, आणि सही. त्याखाली वरीलप्रमाणे. डॉक्टरांचं, ओळखू न येणारं, वरीलप्रमाणे. तिरकं, घाईतलं, हिरव्या शाईचं, कोणाचं ‘वरिल’ असं ऱ्हस्व. परिचारिकेने मात्र त्या आईबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. तिच्याखाली पुन्हा वरीलप्रमाणे, आता तो नेमका कोणाच्या वरील, कोण जाणे. तेवीस होते. तिने मोजले. शेवटचा तिच्या वाट्याचा, शिवणवालीच्या हाताचा, आणि त्याच्यापुढे सहीसाठी सोडलेली कोरी जागा. दुसऱ्याने लिहिलेलं होतं, तिने फक्त खाली नाव घालायचं होतं. बोटभर रिकामी जागा. “तुम्ही वाचलंत का, वर काय लिहिलंय?” तिने विचारलं. “अहो, मास्तर लिहितात म्हणजे बरोबरच असणार की,” शिवणवाली पिशवी खांद्याला लावत म्हणाली. “करा लवकर, घरी कुकर लावायचाय.” खुर्च्या सरकायला लागल्या होत्या. कोणीतरी जिन्यात फोनवर हसत होतं. तिने वही मिटली नाही. ती तशीच उघडी दोन्ही हातांत धरून ती उभी राहिली, आणि उभी राहिल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत.

“मला बोलायचंय,” ती म्हणाली.

“अहो, माईक गुंडाळला हो ताई,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “जरा मोठ्याने बोलाल?”

“ते पडद्यावरचं अक्षर तपासनिसांचं नाही. माझं आहे. मी त्या खोलीत लिहायला होते. आठ वर्षं.”

शिवणवाली आधी हसली. “काहीतरीच काय ताई! यांना धड वाण्याची यादी लिहिता येत नाही हो,” ती आजूबाजूच्यांना सांगू लागली, आणि मग तिने वर बघितलं आणि तिचं हसू जिथे होतं तिथेच राहिलं. दारापाशी गेलेली माणसं वळली. मास्तर हळूहळू पुन्हा खुर्चीत बसले.

“ते नऊ दिवस आजारी होते,” ती म्हणाली. “त्या नऊ दिवसांत एकही व्हॉल्व्ह कोणी तपासला नाही. साहेबांनी सांगितलं तसं मी लिहीत गेले. पुढे तर सांगावंही लागलं नाही.”

“पण बाई, सही तर त्यानेच केली ना?” मास्तरांनी विचारलं. वर्गात विचारावं तसं नाही, खरंच विचारलं.

“दहाव्या दिवशी आले ते. कानात कापूस होता. पान बघितलं, आणि सही करायच्या आधी मला विचारलं, बाई, हे दुसऱ्या पाळीतल्या माणसाने ऐकलंय ना? मी म्हणाले, हो. प्रत्येक ऐकलाय. मी स्वतः समोर बसून लिहिलंय, असंही सांगितलं मी.” तिने चष्मा काढला. “तुमच्यावर विश्वास आहे, असंही म्हणाले नाहीत ते. लगेच हात पुसले आणि सही केली.”

परिचारिका दोन खुर्च्या ओलांडून जवळ आली. “ताई, पण तुम्ही असं का सांगितलंत? कोणी धमकावलं होतं?”

“नाही.”

“मग?”

सगळे थांबले होते. त्यांच्या चेहऱ्यांवर तिला दिसत होतं की ते काहीतरी मोठं ऐकायला थांबले आहेत, वरून आलेला दबाव, काहीतरी लालूच, पडद्यावर शोभेल असं काही. तिच्याकडे तसलं काही नव्हतं. तिने वहीकडे पाहिलं, मग कोणाकडेच नाही.

“खरं सांगितलं असतं तर ते साहेबांशी भांडले असते,” ती म्हणाली. “गाड्या परत बोलवायला लावल्या असत्या त्यांनी, तसेच होते ते. मग त्यांना पलीकडच्या शेडमध्ये टाकलं असतं. आणि आकडे मला दुसऱ्याच कोणीतरी सांगितले असते.”